वाढत्या मध्यम शहरात प्लॅनरची नोकरी: शहर नक्की कोणत्या टेबलावर घडतं?

रेघोटी

अमेरिकेत सिटी प्लॅनिंगचं मास्टर्स संपत आलंय, कोर्स मान्यताप्राप्त आहे. समोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यातलं सव्वा लाख वस्तीचं, झपाट्याने वाढणारं शहर. तिथल्या प्लॅनिंग खात्यात 'प्लॅनर वन', म्हणजे सुरुवातीचं पद, विभाग करंट प्लॅनिंग, म्हणजे बिल्डरांचे आणि घरमालकांचे अर्ज तपासायचे. दुसरा म्हणजे मोठ्या शहरातली कन्सल्टिंग कंपनी, जी वेगवेगळ्या गावांना कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन, म्हणजे लांब मुदतीचा विकास आराखडा, लिहून देते.

बरोबरची मंडळी म्हणतात, शहर घडवायचं असेल तर लाँग-रेंज प्लॅनिंगच कर, करंटमध्ये काउंटरवर उभं राहून कुंपणाची उंची सांगत बसशील. हे कितपत खरं? एकाच शहरात वीस-पंचवीस वर्षं काढली तर प्लॅनरच्या हातून प्रत्यक्षात काय बदलतं? आणि पहिल्या वर्षी कशावर हात बसवावा? 'आवड असेल तर सगळं जमतं' छापाची उत्तरं नकोत, ठोस सांगा.

सेटबॅक

कुंपणाची उंची सांगावी लागते, त्यात खोटं काही नाही. पण शहर कसं वाढतंय हे काउंटरवर जितकं लवकर कळतं तितकं आराखड्याच्या बैठकांत कळत नाही. माझं मत: करंटच घ्या, निदान पहिली तीन वर्षं.

टेबलावर येणारा प्रत्येक अर्ज तीनपैकी एका खणात पडतो, आणि खणाप्रमाणे तुमच्या शब्दाचं वजन बदलतं. पहिला खण प्रशासकीय: साईट प्लॅन, प्लॅट (जमिनीचे प्लॉट आणि रस्ते पाडल्याचा नोंदणीचा नकाशा), बांधकाम परवान्याची झोनिंग तपासणी (झोनिंग म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधता येतं याचे नियम). नियम पाळले असतील तर मंजुरी द्यावीच लागते, आवडीनिवडीला जागा नाही. दुसरा अर्धन्यायिक: व्हेरियन्स (एखाद्या जागेपुरती नियमातून सवलत), स्पेशल यूज परमिट (खास वापराची परवानगी). इथे बोर्ड न्यायाधीशासारखं बसतं, पुरावा आणि निष्कर्ष लागतात, आणि सदस्यांनी अर्जदाराशी बाहेर बोलायचं नसतं. तिसरा विधायक: रीझोनिंग (जमिनीचा झोन बदलणं), कोडच्या, म्हणजे शहराच्या नियमावलीच्या, मजकुरातली दुरुस्ती, प्लॅन मंजूर करणं. इथे काउन्सिलला (निवडून आलेल्या नगरमंडळाला) मोकळीक सगळ्यात जास्त. झोनिंगचा अधिकार शहराला राज्याच्या कायद्यातून मिळतो, आणि १९२६ च्या युक्लिड खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. त्यामुळे राज्य बदललं की खणांच्या सीमाही सरकतात. कन्सल्टिंगमधून आलेली माणसं पहिल्या सहा महिन्यांत अडखळतात ती इथेच. प्रशासकीय अर्जावर 'हे शहराच्या दृष्टिकोनाशी सुसंगत नाही' असा शेरा मारून बसतात आणि शहराचे वकील दुसऱ्या दिवशी फोन करतात.

नोटिशीत चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं. टेक्ससचं उदाहरण घ्या. रीझोनिंगच्या प्लॅनिंग कमिशनपुढच्या (काउन्सिलला शिफारस करणाऱ्या मंडळापुढच्या) सुनावणीसाठी २०० फुटांच्या आतल्या मालकांना पत्र, तेही सुनावणीच्या दहाव्या दिवसाच्या आधी. काउन्सिलच्या सुनावणीची वर्तमानपत्रातली जाहिरात पंधराव्या दिवसाच्या आधी. दहावा दिवस चालत नाही, त्याच्या आधीचा लागतो. ही एका दिवसाची चूक दरवर्षी कुठे ना कुठे होते, आणि मग पूर्ण फेरी नव्याने. त्यातच हरकतीचा नियम: २०० फुटांतल्या २० टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी विरोध केला तर साध्या बहुमताऐवजी तीन चतुर्थांश मतं लागतात. सात जणांच्या काउन्सिलात चाराऐवजी सहा. २०२५ च्या कायद्याने घरबांधणी वाढवणाऱ्या बदलांपुरता हरकतीचा हा २० टक्क्यांचा उंबरठा ६० टक्क्यांवर नेला. हे टक्के क्षेत्रफळाचे आहेत, डोक्यांचे नाहीत. शिवाय रस्त्यांचं आणि गल्ल्यांचं क्षेत्रही हिशेबात धरावं लागतं. जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशात) फक्त पार्सलचा, म्हणजे मालकीच्या तुकड्यांचा, थर घेऊन २०० फुटांचा बफर मारला तर रस्ते गळतात, टक्केवारी फुगते, आणि भर सभेत अर्जदाराचा वकील ते दाखवून देतो.

आता स्टाफ रिपोर्ट. करंट प्लॅनरची खरी लेखणी हीच. अर्ज काय आहे, जागा कुठे, भोवती काय, प्लॅन काय म्हणतो, कोडचे निकष कोणते, प्रत्येक निकषाखाली वस्तुस्थिती, मग शिफारस. बाराव्या पानावर नवीन मुद्दा काढू नका. कमिशनचे सदस्य स्वयंसेवक असतात, पहिली दोन पानं वाचतात आणि नकाशा बघतात. सगळ्यात वाईट रिपोर्ट कोणता, तर ज्यात पाचही निकष 'पूर्ण होतात' असं लिहून शेवटी 'नामंजूर करावे' म्हटलंय. कोर्टात तो कागद शहराच्याच गळ्यात पडतो.

गटारगंगा

सेटबॅक यांच्याशी सहमत, पण त्यांनी कागदापासून सुरुवात केली. मी नळापासून करतो.

शहर उद्या कुठे वाढणार हे बघायचं असेल तर झोनिंगचा रंगीत नकाशा बाजूला ठेवा आणि युटिलिटी खात्याकडून सांडपाण्याच्या मुख्य वाहिन्यांचा नकाशा मागून घ्या. सांडपाणी उताराने वाहतं. आठ इंची नळाला दर १०० फुटांना किमान ०.४ फूट उतार द्यावा लागतो, म्हणजे हजार फुटांत चार फूट खाली. म्हणून वाहिन्या ओढ्याकाठाने जातात, आणि एका ओढ्याच्या खोऱ्यात मुख्य वाहिनी पडली की ते अख्खं खोरं दहा-पंधरा वर्षांत घरांनी भरतं. मधला उंचवटा ओलांडायचा तर लिफ्ट स्टेशन आलं: पंप, जनरेटर, अलार्म, दाबाची वाहिनी. बिल्डर ते बांधून शहराच्या ताब्यात देतो आणि निघून जातो. पंप जळतात ते शहराच्या पैशाने. त्यामुळे फ्यूचर लँड यूजच्या (भावी जमीनवापराच्या) नकाशावर उंचवट्यापलीकडे घरांचा पिवळा रंग भरण्याआधी युटिलिटीच्या इंजिनिअरला एक प्रश्न विचारा: 'हे गुरुत्वाने जाईल का?' पंचवीस वर्षांत ज्या प्लॅनरने हा प्रश्न दरवेळी विचारला त्याचं शहर वेगळं दिसतं.

एक हिशेब मांडून दाखवतो. वहीत उतरवून ठेवा, पहिल्या महिन्यात लागेल.

४० एकर शेतजमीन, बिल्डरला ७,००० चौरस फुटांचे प्लॉट हवेत. ४० गुणिले ४३,५६० म्हणजे १७,४२,४०० चौरस फूट. रस्ते, पावसाच्या पाण्याचं तळं, थोडी मोकळी जागा यात साधारण २८ टक्के जातात असं धरा. उरले साडेबारा लाख, म्हणजे १७९ प्लॉट. एका स्वतंत्र घराच्या दिवसाला साधारण साडेनऊ फेऱ्या धरतात, त्या झाल्या सुमारे १,७००. संध्याकाळच्या गर्दीच्या तासात घरटी एकाच्या थोडं खाली, म्हणजे १६८. बऱ्याच शहरांत तासाला १०० फेऱ्यांची रेघ ओलांडली की ट्रॅफिक स्टडी मागतात, तर इथे मागायचाच.

आता खरी मेख. प्लॉटचं तोंड ६० फुटी असेल तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं धरून एका घराच्या वाट्याला ३० फूट रस्ता येतो. १७९ घरांना ५,३७० फूट, एक मैलाहून थोडा जास्त. तेवढ्याच जागेत ४० फुटी तोंडाचे ४,४०० चौरस फुटांचे प्लॉट केले तर २८५ घरं, आणि रस्ता ५,७०० फूट. रस्ता, नळ, दिवे जवळपास तेवढेच. ते सांभाळायला करदाते मात्र शंभरावर जास्त. वीस वर्षांनी डांबर नव्याने घालायची वेळ येते तेव्हा हा फरक बजेटमध्ये दिसतो. काउन्सिलला 'घनता' या शब्दाने धडकी भरते. घरटी रस्ता किती फूट, हे सांगितलं तर ऐकून घेतात.

याच प्लॅटवर सगळ्यात टिकाऊ निर्णय म्हणजे रस्त्यांची जोडणी. इमारती पन्नास वर्षांत पडतात, झोनिंग पाच वेळा बदलतं, रस्त्याची आखणी मात्र शंभर वर्षं हलत नाही. म्हणून शेजारच्या मोकळ्या जमिनीच्या हद्दीपर्यंत रस्ता नेऊन ठेवायला लावतात, त्याला 'स्टब' म्हणतात. तो बिघडतो कसा ते बघा:

– प्लॅटवर रस्ता हद्दीपर्यंत दिसतो, पण मोजलं तर एक फुटाची पट्टी बिल्डरने स्वतःकडे ठेवलेली असते. पुढे शेजाऱ्याला जोडायचं तर त्या पट्टीचे मागेल तितके पैसे. 'स्पाइट स्ट्रिप' हे तिचं नाव. राइट-ऑफ-वे (रस्त्यासाठी सोडलेली जागा) हद्दीला टेकलाय का, हे आकडे वाचून तपासा, चित्र बघून नको.
– रस्ता हद्दीशी संपतो तिथे तो शेजारच्या जमिनीपेक्षा सहा फूट उंच. ग्रेडिंगचं (जमिनीच्या उंची-उताराचं) पान उघडलंच नाही की असं होतं.
– मध्ये ओढा. बिल्डर म्हणतो पलीकडचा येईल तेव्हा बघू. पलीकडचाही तेच म्हणतो. मोरीच्या अर्ध्या खर्चाचे पैसे प्लॅट नोंदवण्याआधी एस्क्रोमध्ये (राखीव ठेवीत) घ्यायचे.
– टोकाला पाटी नसते. दहा वर्षं मुलं तिथे सायकली चालवतात, मग रस्ता जोडायचा ठराव आला की दीडशे माणसं सभागृहात. 'हा रस्ता पुढे वाढवला जाणार आहे' अशी पाटी पहिल्याच दिवशी ठोकायला लावा, तिचा आकार आणि मजकूर कोडमध्येच घाला.

फायर मार्शलशी दोस्ती ठेवा. इंटरनॅशनल फायर कोडचं परिशिष्ट डी शहराने स्वीकारलं असेल तर ३० हून जास्त एक-दोन कुटुंबी घरांना दोन वेगळे प्रवेशरस्ते लागतात, घराघरात स्प्रिंकलर (आग विझवणारे फवारे) असतील तर सूट. १५० फुटांहून लांब बंद रस्त्याला वळायची सोय हवी, गोल टोकाला ९६ फूट व्यास. तुमचा 'सुंदर अरुंद रस्ता' या आकड्यांवर आपटतो. किमान मोकळी रुंदी २० फूट, हायड्रंटपाशी (बंबाला पाणी देणाऱ्या नळापाशी) २६. दोन्ही बाजूंना पार्किंग हवं आणि रस्ताही अरुंद हवा, असं एकत्र जमत नाही. पार्किंग एका बाजूला घ्या, हायड्रंट दुसऱ्या बाजूला ठेवा, मग तडजोड निघते.

रेघोटी

गटारगंगा, हिशेब उतरवून घेतला. रस्त्याच्या फुटांचा मुद्दा वर्गात असा कधी आला नव्हता.

एक शंका. कमिशनच्या सभांची रेकॉर्डिंग बघते तेव्हा जवळपास प्रत्येक रीझोनिंग 'पीयूडी' (प्लॅन्ड युनिट डेव्हलपमेंट, एका प्रकल्पापुरते वेगळे नियम) म्हणून येतं आणि अटींची यादी लावून मंजूर होतं. बेस झोन (कोडमधले नेहमीचे झोन) कुणी वापरतच नाही असं वाटतं. हे चांगलं लक्षण की वाईट? आणि अटी लिहायच्या कशा?

कलमकसाई

वाईट लक्षण. प्लॅन्ड युनिट डेव्हलपमेंट ही सोय मुळात वेगळ्या, मोठ्या, मिश्र प्रकल्पांसाठी. दर महिन्याला चार येत असतील तर बेस झोन मोडलेत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय प्रत्येक पीयूडी म्हणजे एक स्वतंत्र छोटा कायदा. पंधरा वर्षांनी कुणी मागच्या अंगणात शेड बांधायला येतो आणि काउंटरवरचा माणूस शोधत बसतो, की त्या क्रमांकाच्या ठरावातला मागचा सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) १५ फूट होता की २०, आणि जोडपत्र 'ब' गेलं कुठे. पीयूडी लिहावंच लागलं तर शेवटी एक ओळ हमखास घाला: 'इथे न सांगितलेल्या बाबींना अमुक बेस झोनचे नियम लागू.' ही ओळ नसल्यामुळे वाया गेलेले माणूस-तास मोजायला बसू नये.

अटींबद्दल. 'पूर्वेला पुरेशी झाडं लावावीत' ही अट म्हणजे भांडणाला आमंत्रण. आता हे वाचा: 'पूर्व हद्दीलगत २० फूट रुंद पट्टा, त्यात दर ३० फुटांना एक सावलीचं झाड, लावताना खोडाची जाडी किमान २ इंच, जमिनीपासून ६ इंचांवर मोजलेली, मेलेलं झाड सहा महिन्यांत बदलायचं, हे सगळं पहिलं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट देण्याआधी पूर्ण.' अट लिहून झाली की स्वतःला विचारा: कोण तपासणार, कोणत्या दिवशी, हातात कोणतं माप घेऊन? उत्तर नसेल तर खोडून टाका. आणि मुदत नेहमी परवानगीच्या टप्प्याला बांधा, कॅलेंडरच्या तारखेला नको. शेवटचं घर विकून झाल्यावर बिल्डरला झाडं आठवत नाहीत.

अटींना घटनेचीही वेस आहे. १९९४ च्या डोलन खटल्यात ऑरेगनमधल्या टायगार्ड शहराने प्लंबिंगच्या दुकानाच्या विस्ताराला मंजुरी देताना पूरमैदानातली जमीन आणि सायकलवाटेची पट्टी मागितली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं: मागणीचा प्रकल्पाच्या परिणामाशी संबंध हवा एवढंच नाही, तर ढोबळ प्रमाणही जुळायला हवं, आणि तो हिशेब शहराने दाखवायचा. २०२४ च्या शीट्झ खटल्यात कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीने एका घरावर २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क लावलं होतं. 'शुल्क सरसकट ठरावाने आहे, म्हणून ही चाचणी नको' हा बचाव कोर्टाने मोडून काढला. तेव्हा कमिशनचा एखादा सदस्य ऐन सभेत 'यांना कोपऱ्यावर सिग्नलही बसवायला लावू' म्हणाला तर तुम्ही शांतपणे ट्रॅफिक स्टडीचं पान काढायचं: त्या चौकातल्या वाढीव गाड्यांपैकी या प्रकल्पाच्या किती? १२ टक्के असतील तर १२ टक्के खर्च मागा.

आता तुमचा मूळ प्रश्न, प्लॅनरच्या हातून काय बदलतं. माझ्या मते सगळ्यात लांब पल्ल्याचं हत्यार म्हणजे कोडच्या मजकुरातली दुरुस्ती. एक रीझोनिंग एक जागा बदलतं, एक ओळ सगळं शहर. पार्किंगच घ्या. खाणावळीला दर १०० चौरस फुटांना एक गाडी असा जुना नियम असेल तर ३,००० चौरस फुटांच्या खाणावळीला ३० जागा. मधली वाट धरून एका जागेला सव्वातीनशे चौरस फूट लागतात, म्हणजे इमारतीच्या तिप्पट डांबर. जुन्या बाजारपेठेतला रिकामा गाळा मग रिकामाच राहतो, कारण जवळपास जागाच नाही. आर्कान्सामधल्या फेएटव्हिलने व्यापारी वापरांसाठीची किमान पार्किंगची सक्ती २०१५ मध्ये काढली, बफेलोने २०१७ च्या नव्या कोडमध्ये शहरभर. बोईसीने २०२३ मध्ये सगळं झोनिंग कोडच नव्याने लिहिलं. अशा दुरुस्त्यांचा कच्चा मसुदा बहुधा सीनियर प्लॅनरच्या टेबलावर तयार होतो.

तो मसुदा कुठून सुरू करायचा? व्हेरियन्सच्या फायली काढा, मागच्या पाच वर्षांच्या. एकच सवलत दहादा दिली गेली असेल तर चूक अर्जदारांची नाही, कलमाची आहे. ती तक्ता करून डायरेक्टरपुढे ठेवा. प्लॅनर वनलाही हे करता येतं, परवानगी लागत नाही.

जुनी_फाईल

कलमकसाई, कलमांचं माहात्म्य मान्य, पण कलम फक्त खाजगी जमिनीला लागू. शहराच्या नकाशाचा मोठा तुकडा रस्ते आणि सार्वजनिक जागा आहे, तो झोनिंगने हलत नाही. तो हलतो बजेटने.

ग्रीनव्हिल, साउथ कॅरोलायना बघा. शहराच्या हद्दीत २०२० ला जेमतेम ७० हजार वस्ती. १९७० च्या दशकाच्या शेवटी मेन स्ट्रीट चार लेनवरून दोनवर आणला, झाडं लावली, तिरकं पार्किंग केलं. आराखडा लॉरेन्स हॅल्प्रिनचा, राजकीय बळ महापौर मॅक्स हेलर यांचं. धबधब्यावरून जाणारा चार लेनचा कॅम्परडाउन पूल मात्र पाडायला २००२ उजाडलं, आणि फॉल्स पार्क व पादचाऱ्यांचा लिबर्टी पूल २००४ ला. एका दिशेने पंचवीस वर्षं. त्यात महापौर बदलले, डायरेक्टर बदलले, फाईल तीच राहिली. इंडियानातलं कार्मेल घ्या: एकच महापौर १९९६ पासून २०२३ अखेरपर्यंत, आणि दीडशेच्या वर राउंडअबाउट. दोन्हीकडे श्रेय महापौरांना मिळतं, आणि ते बरोबरच आहे. मतं त्यांनी मागितली. प्लॅनरचं काम म्हणजे मत पडेल त्या दिवशी कागद तयार असणं.

कागद तयार असणं म्हणजे काय ते सांगतो. बहुतेक मध्यम शहरांत पाच वर्षांचा कॅपिटल प्लॅन (मोठ्या बांधकामांच्या खर्चाचा आराखडा) असतो आणि पब्लिक वर्क्सकडे पुढच्या दोन वर्षांची डांबरीकरणाची यादी असते. ती यादी दर हिवाळ्यात मागून घ्या. चार लेनचा रस्ता, दिवसाला २० हजारांच्या आत गाड्या, यादीत आला की तो तीन लेन करण्याची हीच वेळ: दोन्हीकडे एकेक, मधली वळणाऱ्यांसाठी, कडेला सायकल. डांबर पडल्यावर पट्टे तर मारायचेच असतात, वेगळे मारायला फारसा जास्त खर्च नाही. फेडरल हायवे खात्याच्या आकड्यांप्रमाणे अशा बदलाने अपघात १९ ते ४७ टक्के घटतात. पण आधी एक गोष्ट तपासा: रस्ता शहराचा आहे की राज्याचा? मुख्य रस्ते बरेचदा राज्याच्या डीओटीचे (वाहतूक खात्याचे) असतात, आणि मग पट्ट्याचा रंगसुद्धा तिकडून मंजूर व्हावा लागतो. पेव्हिंगच्या दोन महिने आधी हे लक्षात आलं तर संधी गेली, पुढची दहा-पंधरा वर्षांनी.

मोठा पैसा फेडरल आहे आणि तो एमपीओमधून (आसपासच्या गावांच्या सामायिक वाहतूक नियोजन संस्थेतून) येतो. ५० हजारांवरच्या नागरी क्षेत्राला एमपीओ असतेच; तिच्या प्रकल्पांच्या चार वर्षांच्या 'टिप' यादीत नाव नसेल तर फेडरल पैसा मिळत नाही. बहुधा ८० टक्के त्यांचे, २० टक्के शहराचे. हे २० टक्के कॅपिटल प्लॅनमध्ये आधी बाजूला ठेवलेले नसले की मंजूर अनुदान परत जातं. लाँग-रेंज विभागातला हा रटाळ भाग, एमपीओच्या तांत्रिक समितीत दर महिन्याला जाऊन बसणं, टाळू नका. तिथे कोणत्या गावाचा प्लॅनर कधी आला नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

नोकरीच्या सुरक्षिततेबद्दलही बोलू. अशा शहरांत बहुधा काउन्सिल-मॅनेजर पद्धत असते. डायरेक्टरला सिटी मॅनेजर नेमतो, मॅनेजरला काउन्सिल. एका निवडणुकीत चार नवे चेहरे आले की मॅनेजर जातो आणि वर्षभरात डायरेक्टरही. प्लॅनर टू, सीनियर, प्रिन्सिपल या पायऱ्यांना सहसा धक्का लागत नाही. म्हणून शहराची स्मरणशक्ती याच मधल्या पायऱ्यांवर असते. वीस वर्षं एकाच जागी काढायची असतील तर डायरेक्टर होण्याची घाई करू नका.

पावतीपुस्तक

व्यवहाराचं थोडक्यात, कुणी लिहिलं नाही म्हणून.

एआयसीपी, म्हणजे प्लॅनरचं व्यावसायिक प्रमाणपत्र: मान्यताप्राप्त मास्टर्सला दोन वर्षांचा अनुभव लागतो, पण परीक्षा आधी देता येते. १७० प्रश्न, साडेतीन तास. शिक्षण ताजं असताना देऊन टाका. नंतर दर दोन वर्षांनी चालू शिक्षणाची ३२ क्रेडिट. शहराच्या बजेटमधून कॉन्फरन्सचा खर्च मिळतो का, हे ऑफर घेतानाच विचारा.

व्हिसावर असाल तर शहराची नोकरी म्हणून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट मिळत नाही, ती विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना असते. आय-ट्वेंटीवरचा (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरचा) कोर्सचा कोड स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) यादीत आहे की नाही हे आजच बघा: असेल तर ओपीटीच्या (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीच्या) १२ महिन्यांवर आणखी २४, नसेल तर १२ च. मध्यम शहरांच्या एचआरने स्पॉन्सरशिप कधी केलेली नसते. 'बघू' हे उत्तर नकार समजा आणि होकार लेखी घ्या.

पगार: देशभरातला मध्यक ८० हजार डॉलरच्या थोडा वर आहे, प्लॅनर वन त्याच्या बराच खाली सुरू होतो. पेन्शन किती वर्षांनी पक्की होते ते विचारा. पाच वर्षांची अट असेल आणि तुम्ही चौथ्या वर्षी सोडलंत तर शहराचा वाटा सोडून जाल.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. शहराचीच ऑफर घ्यायची असं जवळपास ठरतंय. शेवटचा प्रश्न: पहिली साईट व्हिजिट आणि पहिली सुनावणी, काय बरोबर न्यायचं, काय टाळायचं?

सेटबॅक

साईटवर जाताना: मोजचाक, छापील साईट प्लॅन, मार्कर, फोन. सुनावणीची पिवळी पाटी रस्त्यावरून वाचता येते का बघा आणि तारीख दिसेल असा फोटो काढून फाईलला लावा. 'पाटी नव्हतीच' हा आक्षेप त्या एका फोटोने संपतो. मग गाडीतून उतरून हद्द चाला. शेजारच्या घराची खिडकी कुठे उघडते, पाणी कुठे साचतं, पुढच्या फाटकापर्यंत पदपथ आहे की मध्येच संपतो, हे एरिअल फोटोत दिसत नाही. वेळ संध्याकाळी पाचची निवडा, सकाळी अकराला प्रत्येक रस्ता रिकामा असतो. अर्जदार तिथे भेटला तर नमस्कार करा, पण 'होऊन जाईल' हे दोन शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. सभेत तो ते शहराचं आश्वासन म्हणून सांगतो.

सुनावणीत नागरिकांना बहुधा तीन-तीन मिनिटं मिळतात. त्यांचं बोलणं चालू असताना लॅपटॉपकडे बघू नका, मुद्दे कागदावर लिहा आणि शेजारी कोणता निकष लागतो ते मांडा. ज्याला निकष नाही तो मुद्दा चुकीचा असतो असं नाही, पण त्यावर निर्णय टिकत नाही. मोबाईल टॉवरचा अर्ज असेल तर हे फारच जपा. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने, टॉवरच्या रेडिओ लहरी फेडरल मर्यादेत असतील तर त्यांच्या आरोग्यपरिणामावरून टॉवर नाकारता येत नाही. एखादा सदस्य माईकवर 'माझं मत कॅन्सरमुळे विरोधात' म्हणाला की ते रेकॉर्डवर गेलं. म्हणून सभा सुरू होण्याआधी शहराच्या वकिलांकडून एक वाक्य वाचून घ्यायचं, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये उंची, सेटबॅक, दृश्य परिणाम एवढंच ठेवायचं. नवीन टॉवरला निर्णयाची मुदत १५० दिवस आहे, असलेल्या खांबावर अँटेना बसवायला त्याहून कमी. अर्ज आला त्या दिवशीच फाईलच्या कव्हरवर शेवटची तारीख लाल शाईने लिहा.

आणि प्रोजेक्टरसाठी स्लाइड्सची एक प्रत पेनड्राइव्हवर. सभागृहातलं वायफाय नेमकं रीझोनिंगच्या वेळी जातं.